समुद्रावर तरंगणारा आधार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर मुलांना भूगोल शिकवला. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय नकाशावरचाच हवा, असे मला वाटले. शाळेच्या ॲटलासमध्ये अंटार्क्टिका खंड पाहिलात, तर त्याच्या किनाऱ्याला लागून काही भाग वेगळ्या छटेत दाखवलेले दिसतील. तिथे जमीन नाही. तिथे समुद्र आहे, आणि त्या समुद्रावर शेकडो मीटर जाडीचा, किनाऱ्याशी जोडलेला बर्फ तरंगतो आहे. त्याला आइस शेल्फ म्हणतात. आजचे सगळे बोलणे त्याच्याबद्दल आहे.

विषय दूरचा वाटेल, पण गोव्याला तो परका नाही. 6 डिसेंबर 1981 रोजी इथल्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे जहाज भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन निघाले. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. त्याआधी काही वर्षे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. 9 जानेवारी 1982 रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या तिसऱ्या मोहिमेने 1983-84च्या उन्हाळ्यात तिथे भारताचे पहिले कायमचे केंद्र उभारले, 'दक्षिण गंगोत्री'. कर्नल सत्यस्वरूप शर्मांच्या तुकडीने 1984 सालचा पहिला हिवाळा त्या केंद्रात काढला. हे केंद्र खडकावर नव्हते. ते एका आइस शेल्फवर होते. म्हणजे अंटार्क्टिकातले भारताचे पहिले घर तरंगत्या बर्फावर बांधलेले होते, आणि त्या घरातली माणसे झोपलेली असताना त्यांच्या खाली, बर्फाच्याही खाली, समुद्र वाहत होता.

त्या घराचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी हा बर्फ तिथे येतो कुठून ते पाहू.

अंटार्क्टिकावर पडणारा हिम वितळत नाही, साचतो. वरच्या थरांच्या भाराने खालचा हिम दाबला जातो आणि त्याचा निळसर, घट्ट बर्फ होतो. इतका बर्फ साचला की तो स्वतःच्या वजनाने पसरू लागतो. दिसायला दगडासारखा असला तरी हजारो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो, आणि उताराच्या दिशेने, म्हणजे शेवटी समुद्राकडे, येतो. किनाऱ्याशी पोचलेला बर्फ सुरुवातीला समुद्राच्या तळाला टेकलेलाच असतो. पाणी पुरेसे खोल झाले की एका ठिकाणी तो तळ सोडतो आणि तरंगू लागतो. टेकलेला बर्फ जिथे तरंगता होतो त्या सीमेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. ही रेषा लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण आजच्या विषयातले सगळे महत्त्वाचे या रेषेच्या आसपास घडते. तिच्या पुढे आइस शेल्फ सुरू होतो. भरती आली की तो वर उचलला जातो, ओहोटीला खाली बसतो. मागचा भाग जमिनीला धरून, पुढचा समुद्राच्या तालावर.

आइस शेल्फची गल्लत इतर बर्फाशी करू नका. हिमनग म्हणजे आइस शेल्फच्या किंवा हिमनदीच्या टोकाचा तुटून सुटा झालेला तुकडा. समुद्राचे खारे पाणी गोठून तयार होतो तो समुद्रबर्फ. तो मीटर-दोन मीटर जाडीचा असतो आणि बहुतांशी दर हिवाळ्यात येऊन उन्हाळ्यात जातो. समुद्रबर्फाचाच एक प्रकार किनाऱ्याला किंवा आइस शेल्फच्या काठाला चिकटून राहतो, वाऱ्याने वाहून जात नाही. त्याला फास्ट आइस म्हणतात. तो पातळ असतो म्हणून दुय्यम समजला गेला. त्याच्याकडे आपण परत येऊ.

आइस शेल्फचा पसारा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. सगळ्यांत मोठा रॉस आइस शेल्फ सुमारे पावणेपाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या साधारण दीडपट. त्याच्या खालोखाल फिल्शनर-रॉन. अंटार्क्टिकाभोवतीच्या सगळ्या आइस शेल्फचे क्षेत्र मिळून सुमारे 15 लाख चौरस किलोमीटर भरते. जाडी कुठे दोनशे मीटर, कुठे हजार मीटरहून अधिक. पाण्यावर दिसतो तो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा.

पण दहावा हिस्सादेखील माणसाला थांबवायला पुरतो. जानेवारी 1841मध्ये जेम्स क्लार्क रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन दक्षिणेकडे निघाला होता. त्याला दक्षिण चुंबकीय ध्रुव गाठायचा होता. आडवी आली ती पाण्यातून सरळ उभी राहिलेली पांढरी भिंत, जहाजाच्या डोलकाठीहून उंच, माथा सपाट, आणि शेकडो किलोमीटर गेले तरी न संपणारी. तिच्या काठाकाठाने जाऊन तो परत फिरला. पुढची साठ वर्षे त्या भिंतीपलीकडे काय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ध्रुवाकडे निघालेल्यांनी या बर्फाचाच रस्ता केला. त्यांच्या हकिगतींत मला साहसापेक्षा बर्फाबद्दलचा त्यांचा विचार अधिक मोलाचा वाटतो. 1902 साली स्कॉट आणि शॅकल्टन यांनी या शेल्फच्या काठावरच्या एका लहानशा खाचेत उतरून बलून उडवला होता आणि वरून पुढचा प्रदेश पाहिला होता. 1908 साली शॅकल्टन स्वतःची मोहीम घेऊन तिथेच तळ ठोकण्याच्या इराद्याने आला, तेव्हा ती खाच जागेवर नव्हती. मधल्या काळात काठ तुटून समुद्रात गेला होता आणि त्या जागी एक रुंद उपसागर झाला होता. देवमासे पुष्कळ दिसले म्हणून त्याने त्याला नाव दिले 'बे ऑफ व्हेल्स'. जो बर्फ सहा वर्षांत इतका तुटतो त्यावर माणसांचा हिवाळा काढणे त्याला जोखमीचे वाटले आणि तो रॉस बेटाकडे वळला. तीन वर्षांनी त्याच उपसागरात अमुंडसन आला. त्याने जुन्या मोहिमांची वर्णने बारकाईने वाचली होती. रॉसच्या काळापासून किनाऱ्याला इथे बाक आहे, तेव्हा या जागी बर्फाला काहीतरी स्थिर आधार असला पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तिथेच 'फ्रामहाइम' हा तळ बांधला. 14 डिसेंबर 1911 रोजी तो ध्रुवावर पोचला.

दोघांपैकी बरोबर कोण? माझ्या मते दोघेही. शेल्फच्या मागे बर्फाखाली एक बेट दडलेले आहे, रूझवेल्ट बेट. बर्फ त्याला वळसा घालून येतो, म्हणून तिथे ती खाच वर्षानुवर्षे टिकली. अमुंडसनचा तर्क पुष्कळसा खरा होता. पण ऑक्टोबर 1987मध्ये दीडशे किलोमीटरहून लांब एक हिमनग तिथून तुटला आणि तो उपसागरच नाहीसा झाला. शॅकल्टनची भीतीही रास्त होती. आइस शेल्फला आधार असतो आणि तो तुटतोही. या दोन गोष्टी एकदम मनात धरता आल्या तर पुढचे समजायला सोपे जाईल.

स्कॉटचा शेवट सर्वांना ठाऊक असतो. तो, विल्सन आणि बॉवर्स हे तिघे मार्च 1912मध्ये याच शेल्फवर गेले, अन्नसाठ्यापासून जेमतेम वीस किलोमीटर अलीकडे. नोव्हेंबरात त्यांचा तंबू सापडला, तेव्हा शोधपथकाने तो तिथेच त्यांच्यावर उतरवला आणि वर बर्फाचा ढीग रचला. तो ढीग केव्हाच नव्या हिमाखाली गेला. रॉस आइस शेल्फ अजून चालतो आहे, काठाजवळ त्याचा वेग वर्षाला सुमारे एक किलोमीटर आहे, आणि त्या तिघांना घेऊन तो समुद्राकडे निघालेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. म्हणून पेल्यातला बर्फ विरघळला तरी पाण्याची पातळी वाढत नाही. आइस शेल्फ आधीच तरंगतो आहे. मग तो सगळाच्या सगळा वितळला तरी समुद्र वाढायचा नाही. खारे आणि गोडे पाणी यांच्या घनतेतल्या फरकाने नाममात्र काही घडेल, पण ते सोडून देऊ. हिशेब एवढाच असता तर आजच्या व्याख्यानाचे काही कारण नव्हते. कित्येक सुशिक्षित माणसे या टप्प्यावर थांबतात आणि निश्चिंत होतात. मला त्यांना हात धरून थोडे मागे, ग्राउंडिंग लाइनच्या पलीकडे न्यायचे आहे.

पंढरपूरच्या एखाद्या अरुंद बोळातून दिंडी जाताना पाहा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना खांदे घासत माणसे चालतात. पुढचे हळू चालतात म्हणून मागच्यांनाही हळू चालावे लागते, मागून रेटा कितीही असो. आइस शेल्फ बहुधा उपसागरात अडकलेला असतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये एखादे बेट किंवा तळावरचा उंचवटा. त्यांना घासत, अडत तो पुढे सरकतो, आणि त्याचे हे अडखळणे मागे जमिनीवरच्या हिमनदीपर्यंत पोचते. हिमनदीचा वेग त्याने रोखून धरलेला असतो. शेल्फ गेला की समुद्राची पातळी त्या दिवशी वाढत नाही. पण ज्याने ती खरोखर वाढते, तो जमिनीवरचा बर्फ, मोकळा सुटतो.

बरीच वर्षे हे कागदावरचे गणित होते. काही हिमशास्त्रज्ञांना ते पटत होते, काहींना नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठातले जॉन मर्सर यांनी 1978 साली 'नेचर'मध्ये एक निबंध लिहिला. कोळसा आणि तेल जाळून हवेत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ धोक्यात येईल, असे त्यांनी त्यात मांडले आणि पुढे एक खूण सांगून ठेवली. अंटार्क्टिकाचे जे लांब शेपूट दक्षिण अमेरिकेकडे वर गेले आहे, त्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरचे आइस शेल्फ उत्तरेकडून दक्षिणेकडे मोडू लागले, तर तो इशारा समजा. त्या काळी हे भडक वाटले असेल. आज तो निबंध वाचताना त्यांच्या विचाराच्या शिस्तीने मन भरून येते. केवळ भीती घालून ते थांबले नाहीत. ती खरी की खोटी हे कशावरून ओळखायचे तेही त्यांनी सांगितले.

1893 साली कार्ल अँटन लार्सन हा नॉर्वेजियन कप्तान 'जेसन' जहाजातून या द्वीपकल्पाच्या पूर्व काठाने गेला होता, म्हणून तिथल्या शेल्फला त्याचे नाव आहे. संशोधकांनी त्याचे उत्तरेकडून ए, बी, सी असे भाग पाडले. जानेवारी 1995मध्ये लार्सन ए मोडला. मग आला 2002 सालचा उन्हाळा. द्वीपकल्पावरची हवा गेल्या अर्धशतकात अडीच-तीन अंशांनी तापली होती. लार्सन बीच्या पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची निळी तळी सगळीकडे साचलेली उपग्रहातून दिसत होती. 31 जानेवारीच्या सुमारास शेल्फ तुटू लागला आणि जेमतेम पाच आठवड्यांत 3250 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून थोडासाच लहान, सुमारे 220 मीटर जाडीचा बर्फ चुरा होऊन समुद्रात पसरला. त्याच्याखालच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढे दाखवले, की हा शेल्फ किमान दहा हजार वर्षे अखंड होता.

इतका जुना बर्फ इतक्या झपाट्याने कसा मोडला, याचे उत्तर त्या निळ्या तळ्यांत आहे. बर्फाला तडे असतातच. कोरडा तडा थोडा खोल जातो आणि बाजूच्या बर्फाच्या दाबाने मिटतो. पण तड्यात पाणी भरले की ते त्याला मिटू देत नाही, कारण पाणी बर्फापेक्षा जड असते. वरून तळे तड्याला पाणी पुरवत राहते आणि तडा खोल जात जात पार तळाशी पोचतो. एकेका तड्याने शेल्फचे अरुंद, उभे काप झाले. काप उंच आणि बारीक असला की तो पाण्यात उभा राहू शकत नाही, आडवा होतो आणि शेजारच्याला ढकलतो.

मर्सर यांनी सांगितलेल्या खुणेचे उत्तर पुढच्या काही महिन्यांत मिळाले. लार्सन बीच्या मागे हेक्टोरिया, ग्रीन आणि इव्हान्स या हिमनद्या होत्या. शेल्फ गेल्यावर त्यांचा वेग काही ठिकाणी आठपटींपर्यंत वाढला. हेक्टोरियाच्या खालच्या भागाचा पृष्ठभाग सहा महिन्यांत 38 मीटरपर्यंत खाली बसला. आणि त्याच उपसागरात, थोडे दक्षिणेला, फ्लास्क आणि लेपर्ड नावाच्या दोन हिमनद्या होत्या. त्यांच्यापुढे शेल्फचा एक तुकडा शिल्लक राहिला होता. त्यांचा वेग वाढला नाही. हवा तीच, समुद्र तोच, वर्ष तेच. फरक एवढाच की एकीचा आधार गेला आणि दुसरीचा राहिला. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावा असा हा प्रयोग निसर्गात आपोआप झाला. तरंगत्या बर्फाच्या आधाराबद्दल शंका घ्यायला त्यानंतर जागा उरली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कथेचा दुसरा भाग लोकांना फारसा ठाऊक नाही. 2011 साली लार्सन बीच्या रिकाम्या उपसागरात समुद्रबर्फ किनाऱ्याला चिकटला आणि उन्हाळ्यातही गेला नाही. मघाशी ज्याला दुय्यम म्हटले जाते असे सांगितले तोच हा फास्ट आइस. अकरा वर्षे तो तिथे राहिला. त्या काळात मागच्या हिमनद्या सावरल्या, त्यांची टोके पुढे येऊ लागली. शेकडो मीटरच्या शेल्फचे काम मीटर-दोन मीटरचा बर्फ कसा करील? पुरते करू शकत नाही. पण तो समुद्राच्या लाटांना आत येऊ देत नाही आणि हिमनदीच्या पुढचे तुटके तुकडे एकत्र धरून ठेवतो. तेवढाही आधार पुरला. जानेवारी 2022मध्ये हा फास्ट आइस काही दिवसांत फुटून वाहून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस हेक्टोरिया हिमनदी दोन महिन्यांत सुमारे आठ किलोमीटर मागे हटली. जमिनीला टेकलेली हिमनदी इतक्या वेगाने मागे हटल्याची आधुनिक काळात दुसरी नोंद नाही.

फास्ट आइसवर आणखी एका जिवाचे सगळे आयुष्य टेकलेले आहे. एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात या बर्फावर अंडे घालतो. पिल्लाच्या अंगावर आधी मऊ लव असते. पाणी न शोषणारी पिसे डिसेंबर-जानेवारीत येतात. तोवर त्याच्या पायांखालचा बर्फ टिकला पाहिजे. 2022 साली बेलिंग्सहाउझन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला, हे ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांतून पाहिले. पिसे न फुटलेली ती पिल्ले पाण्यात जगली नसणार.

एक गोष्ट इथे निक्षून सांगितली पाहिजे. हिमनग तुटला की वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतात, आणि प्रत्येक वेळी तो विनाशाचा पुरावा म्हणून दाखवला जातो. ते बरोबर नाही. मागून बर्फ येत राहतो, म्हणजे पुढून तो तुटत राहायलाच हवा. मार्च 2000मध्ये रॉस शेल्फपासून जवळपास तीन गोव्यांएवढा, 11,000 चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, आणि रॉस शेल्फ आजही उभा आहे. सप्टेंबर 2019मध्ये एमरी आइस शेल्फचा 1,636 चौरस किलोमीटरचा तुकडा तुटला, तोही अपेक्षित होता. वयात आलेल्या शेल्फने टोक टाकणे आणि लार्सन बीसारखे पुरते मोडून पडणे या वेगळ्या घटना आहेत. दोन्हींना एकच रंग फासला, तर खरा इशारा येईल तेव्हा लोक त्याकडे कानाडोळा करतील.

खरी चिंता डोळ्यांना दिसत नाही, कारण ती बर्फाच्या खालच्या अंगाला आहे. 2013 साली झालेल्या मोजणीनुसार अंटार्क्टिकाचे शेल्फ हिमनग तुटून जितका बर्फ गमावतात त्यापेक्षा जास्त, वर्षाला सुमारे 1,325 अब्ज टन, खालून वितळून गमावतात. खोल पाण्यात दाबामुळे बर्फाचा वितळबिंदू उतरतो, त्यामुळे आपल्याला गोठवणारे वाटणारे पाणीसुद्धा तिथे बर्फ वितळवू शकते. पश्चिम अंटार्क्टिकात तर दक्षिण महासागरातले खोलवरचे तुलनेने उबदार पाणी समुद्रतळावरच्या घळींतून थेट ग्राउंडिंग लाइनपर्यंत पोचते. तिथे थ्वेट्स हिमनदी आहे, 120 किलोमीटर रुंद. ती सगळी समुद्रात गेली तर जगातल्या समुद्रांची पातळी सुमारे 65 सेंटिमीटरने वाढेल. तिच्या पूर्वेकडच्या शेल्फला समुद्रतळावरच्या एका उंचवट्याने अडवून धरले आहे, आणि ती पकड सैल होत चालली आहे. जानेवारी 2020मध्ये संशोधकांनी तिथे सुमारे सहाशे मीटर बर्फातून गरम पाण्याने भोक पाडले आणि 'आइसफिन' नावाचा लांबट, नळकांड्यासारखा यंत्रमानव खाली सोडला. त्याने जे पाहिले ते दिलासा आणि काळजी दोन्ही देणारे होते. सपाट तळाखाली वितळण्याचा वेग गणितांनी सांगितल्यापेक्षा कमी निघाला. पण तड्यांमध्ये आणि पायऱ्यापायऱ्यांसारख्या उतारांवर तो खूपच जास्त होता, म्हणजे शेल्फ त्याच्या दुबळ्या जागीच खोल पोखरला जात आहे.

त्याच अंधारात जीवसृष्टीही आहे, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस रॉस शेल्फमधून 420 मीटर खोल भोक पाडले गेले, उघड्या समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर आत. तिथे सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही. खाली लहान कवचधारी जीव आणि मासे सापडले. अगदी अलीकडे फिल्शनर-रॉनखाली, समुद्रापासून 260 किलोमीटर आत, नमुना घ्यायला सोडलेले उपकरण एका मोठ्या दगडावर आदळले. गाळाचा नमुना मिळाला नाही म्हणून भूवैज्ञानिक हिरमुसले, पण कॅमेऱ्यात त्या दगडाला चिकटलेले स्पंज दिसले. ते काय खाऊन जगतात हे अजून नीट उलगडलेले नाही.

उत्तर ध्रुवाकडची गोष्ट थोडक्यात संपते, कारण तिथे आता थोडेच उरले आहे. कॅनडाच्या एल्समेअर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे 8,900 चौरस किलोमीटर आइस शेल्फ होता. त्याचे तुकडे होत गेले. 2005 साली एल्स हा शेल्फ तुटला, 2008 साली मार्कहॅम, आणि जुलै 2020च्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या मिल्न शेल्फचा 40 टक्क्यांहून अधिक भाग दोन दिवसांत गेला.

आता आपला किनारा. बर्फाच्या प्रचंड राशीला स्वतःचे गुरुत्वाकर्षण असते. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ आज आजूबाजूच्या समुद्राला आपल्याकडे ओढून धरतो. तो बर्फ कमी झाला की ही ओढ कमी होते, तिथला समुद्र खाली बसतो आणि ते पाणी दूरच्या समुद्रांत वाटले जाते. त्यामुळे तिथल्या बर्फाने होणारी वाढ सगळीकडे सारखी नसते. उत्तर अमेरिकेचे किनारे आणि हिंदी महासागर यांच्या वाट्याला ती सरासरीपेक्षा जास्त येते. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी अंटार्क्टिकापासून लांब आहेत म्हणून सुरक्षित आहेत असे कोणी म्हणाले, तर त्याने उलटे म्हटले आहे.

दक्षिण गंगोत्रीचे काय झाले? शेल्फवर दर वर्षी हिम साचत गेला आणि केंद्र त्यात गाडले जाऊ लागले. 1989 साली शिर्माकर टेकड्यांच्या खडकाळ, बर्फमुक्त प्रदेशात 'मैत्री' सुरू झाले आणि 1990मध्ये दक्षिण गंगोत्री बंद केले गेले. 2012 साली एमरी शेल्फच्या पूर्वेला लार्समन टेकड्यांत तिसरे केंद्र झाले, 'भारती'. पण मैत्रीचा माल आजही आइस शेल्फच्या काठाशी जहाज लावून उतरवावा लागतो. म्हणजे या बर्फाच्या प्रकृतीवर आपला तिथला वावर अवलंबून आहे. आपली ध्रुवीय संशोधन संस्था वास्को-द-गामाला, हेडलँड सड्यावर आहे, इथून मुलांना सहज नेऊन आणता येईल इतकी जवळ.

इतर देशांनी मात्र शेल्फवरची वस्ती सोडलेली नाही. जर्मनीचे नॉयमायर केंद्र शेल्फवर आहे. हिम साचेल तसे ते आपले पाय उचलून वर येते. ब्रिटिशांचे हॅली केंद्र ब्रंट शेल्फवर आहे. शेल्फमधली एक भेग वाढत आली तेव्हा 2016-17च्या उन्हाळ्यात ते 23 किलोमीटर आत ओढून नेले गेले, आणि जानेवारी 2023मध्ये पुढचा काठ खरोखरच तुटला. हॅलीत 1950च्या दशकापासून ओझोन मोजला जात होता. त्यात बातमी होण्यासारखे बरीच वर्षे काही नव्हते. माणसे बदलत गेली, मोजणी चालू राहिली. 1985 साली जोसेफ फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून ओझोनचा थर विरळ होत असल्याचे जगाला दाखवून दिले, आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रिऑल करार झाला. तरंगत्या बर्फावर बसून कंटाळा न करता केलेल्या मोजणीने जग वाचवायला मदत केली, हे मी अतिशयोक्ती न करता म्हणू शकतो.

अशी मोजणी आपल्या दारातही आहे. मुंबईला अपोलो बंदरावर 1878पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली गेली आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. किनाऱ्यावरचा रस्ता, भराव, बंदर किंवा वसाहत आखताना त्या नोंदीत काय दिसते आणि थ्वेट्ससारख्या हिमनदीचा आधार गेला तर त्यात किती भर पडू शकते, हे दोन्ही आकडे आराखड्यात छापलेले असावेत अशी मागणी आपण करायला हवी. ग्रामसभेत करा, नगरपालिकेत करा, सुनावणीच्या वेळी लेखी द्या. नेमके कोणत्या वर्षी किती पाणी येईल हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच आराखड्यात एकच आकडा न घालता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही घालायचे असतात.

आणि इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वर्षी वर्गात अंटार्क्टिकाचा नकाशा काढाल, तेव्हा ग्राउंडिंग लाइन वेगळ्या रंगाने काढा, आणि तिच्या पुढचा बर्फ गेला तर मागच्याचे काय होते हे मुलांना विचारा. त्यातली एक-दोन मुले तरी उद्या वास्कोच्या त्या संस्थेत आणि तिथून मैत्रीला गेली पाहिजेत.